खडीचा खड्डा आणि लसूणघासाचं शेत

प्रश्न : ताई, नमस्कार. सध्या आम्ही दोघं कोलोरॅडोत, ग्रीलीजवळ मुलीकडे राहायला आलो आहोत. रोज सकाळी फिरायला जातो त्या रस्त्याच्या एका अंगाला खडीची खाण आहे, खड्ड्यात निळंशार पाणी. दुसऱ्या अंगाला गेल्या वर्षी आलो तेव्हा लसूणघासाचं हिरवंगार शेत होतं, यंदा ते पडीक पडलंय. शेजारी म्हणाले, खाणवाल्यांनी त्या शेताचं पाणी घेतलं. पण दोन महिने बघतोय, शेताकडून खाणीकडे ना पाइप जातो ना चारी. पाटाचं पाणी सिमेंटच्या एका लहानशा मोरीतून सरळ नदीत पडतं. मग खाणीला मिळालं काय?

उत्तर : नमस्कार. तुम्ही जे पाहिलंत ते अगदी बरोबर आहे. माझी तेवीस वर्षं याच खोऱ्यात, साउथ प्लॅट नदीकाठच्या खडीच्या खाणींचे पाण्याचे हिशेब मांडण्यात गेली, आणि पहिल्या आठवड्यात मीही हाच प्रश्न विचारला होता.

खाणीला पाणी नकोच असतं. पाणी तिच्याकडे नको तेवढं येतं. नदीकाठची वाळू-खडी म्हणजे नदीनंच हजारो वर्षांत आणून टाकलेला गाळ. काही फूट खणलं की पाणी लागतं. ते पाणी नदीचंच, फक्त जमिनीखालून सावकाश चाललेलं. जमिनीत होतं तोवर त्याला ऊन लागत नव्हतं. खड्डा उघडला की सूर्य त्यातला वाटा उचलू लागतो. ग्रीलीच्या आसपास उघड्या पाण्यावरून वर्षाला साधारण ४५ इंच पाणी उडतं असं धरतात. पावसाची वजावट केली तरी तळ्याच्या प्रत्येक एकरामागे तीन फुटांच्या आसपास निव्वळ तूट राहते. ती तूट काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी नदीत उमटते आणि खालच्या कुणाच्या तरी पाटात पाणी कमी येतं.

खालचा तो माणूस इथे गप्प बसत नाही. कोलोरॅडोत पाण्याचा हक्क नदीकाठी जमीन आहे म्हणून मिळत नाही. ज्यानं आधी पाणी उचलून कामाला लावलं, तो ज्येष्ठ. तुमच्या ग्रीलीचीच गोष्ट आहे. १८७० साली वसलेल्या या वसाहतीनं पूद्र नदीतून पाट काढले. १८७४च्या दुष्काळात वरच्या अंगाला फोर्ट कॉलिन्सच्या लोकांनी नव्या पाटांनी पाणी उचललं, तेव्हा ग्रीलीच्या पाटात चिखल उरला. त्या भांडणाची धग ताजी असतानाच १८७६च्या राज्यघटनेत ज्येष्ठतेचं तत्त्व लिहिलं गेलं. आजही ज्येष्ठाला पुरेसं पाणी मिळालं नाही की तो नदीवर ‘कॉल’ लावतो आणि वॉटर कमिशनर, म्हणजे नदीचं वाटप बघणारा राज्याचा अधिकारी, कनिष्ठांची दारं पाडत जातो.

आता खड्ड्याचं दार कसं पाडणार? सूर्याला तर सांगता येत नाही. १९६९च्या कायद्यानं विहिरींना नदीच्या ज्येष्ठतेच्या रांगेत आणलं. खाणवाल्यांचं म्हणणं होतं की आम्ही विहीर खणत नाही, खडी काढतो. पाणी आपसूक लागलं त्याला आम्ही काय करणार. १९८८ साली झिगन नावाच्या खडी कंपनीच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की भूजल उघडं पाडणारा खड्डा ही विहीरच. तिला परवाना हवा, आणि ज्येष्ठांचं जेवढं नुकसान होतं तेवढी भरपाई हवी. पुढच्याच वर्षी विधिमंडळानं कायदा करून १९८१च्या आधी उघड्या झालेल्या पाण्याला बाष्पीभवनाच्या भरपाईतून सूट दिली. त्यामुळे एकाच कुंपणाला लागून दोन तळी दिसतील, तोच सूर्य, तेच पाणी. एकाला पै भरावी लागत नाही आणि दुसऱ्याचा महिन्याचा ताळेबंद राज्याकडे जातो. मला हे कधीच पटलं नाही, पण कायदा तसा आहे.

तर, तुमच्या शेजारच्या खाणीनं शेताचे पाटातले शेअर, म्हणजे पाटाच्या सामाईक संस्थेतले पाण्याचे हिस्से, घेतले, शेत भिजवणं थांबवलं, आणि पीक जे पाणी पिऊन टाकत होतं ते आता नदीला देतेय. ती सिमेंटची मोरी नीट पाहा, मध्ये अरुंद होत गेलेली असेल. तिला पार्शल फ्लूम म्हणतात. राल्फ पार्शल या अभियंत्यानं ती १९२०च्या दशकात इथेच, फोर्ट कॉलिन्सला बसवून सिद्ध केली. पाण्याची उंची एका पट्टीवर वाचली की प्रवाह किती ते कळतं. खाणीनं पाण्याची किंमत चुकवली याची पावती त्या मोरीत फाडली जाते.

प्रश्न : ताई, मी डेन्व्हरला एका खडी कंपनीच्या हिशेब विभागात नव्यानं लागलोय. कंपनीनं एका पाटाचे शेअर घेतले. शेतकऱ्याच्या दाराशी त्या शेअरवर वर्षाला सरासरी १३० एकर-फूट पाणी येत होतं, तशा नोंदी आहेत. आमच्या सल्लागार अभियंत्यानं मात्र कागदावर फक्त ७० धरले. साहेब म्हणतात, पैसे १३०चे मोजले आणि हाती ७० आले, म्हणजे कुणीतरी फसवलं. खरंच फसवणूक आहे का?

उत्तर : नाही. साहेबांना सांगा, शेतकऱ्यानं विकलं ते त्याच्या मालकीचं होतं तेवढंच. १३०पैकी ६० त्याचे कधी नव्हतेच.

शेतात सोडलेलं सगळं पाणी पीक पीत नाही. सऱ्यांतून वाहून काही शेवटच्या चरात जातं, काही मुळांच्या खाली पाझरतं. चरातलं लगेच, पाझरलेलं महिनोन्‌महिने, नदीकडे परत येतं. त्या परतीच्या पाण्यावर खालच्या कुणाचा तरी पाट शंभर-सव्वाशे वर्षं चाललेला आहे. त्यामुळे हक्काचं काम बदलताना, म्हणजे सिंचनाचं पाणी भरपाईला लावताना, जुन्या मालकानं खरोखर खर्च केलं तेवढंच पुढे नेता येतं. एक एकर-फूट म्हणजे एक एकरावर फूटभर उभं पाणी, साधारण सव्वाबारा लाख लिटर. तेव्हा ६० एकर-फुटांचा फरक साहेबांना बोचणारच.

हा ‘खरोखर खर्च’ ठरवणं म्हणजे आमच्या धंद्यातलं अर्धं आयुष्य. जुनी हवाई छायाचित्रं टेबलावर पसरायची, कोणत्या साली कोणता तुकडा भिजलेला दिसतो ते भिंगाखाली बघायचं. पाटाच्या रोजच्या उचलीच्या नोंदी, त्यातून पाटातच मुरणारं पाणी वजा. कोणतं पीक, किती एकर. साखरबीट, मका आणि लसूणघास यांची तहान वेगळी. शेतकरी आजोबा हयात असतील तर त्यांच्या स्वयंपाकघरात बसून पाणीपाळी कशी असायची ते ऐकायचं. एका आजोबांनी मला सांगितलं होतं की वरच्या कोपऱ्यात पाणी कधी चढलंच नाही. कागदावर तो कोपरा भिजलेला होता. मी तो वगळला, माझ्या अशिलाचं पाणी कमी झालं, आणि त्या वर्षी मला दिवाळीची भेट आली नाही.

एक गोष्ट तुमच्या साहेबांना अजून कुणी सांगितली नसेल तर ऐकून ठेवा. उरलेले ६० कंपनीचे नाहीत, पण त्यांची जबाबदारी कंपनीचीच. पूर्वी परतीचं पाणी ज्या महिन्यांत, नदीच्या ज्या पट्ट्यात पोचायचं, त्याच महिन्यांत, त्याच पट्ट्यात पोचत राहिलं पाहिजे. शेत बंद झालं म्हणून परत येणारं पाणी बंद करता येत नाही. म्हणून त्या १३०मधला काही भाग उन्हाळ्यात मोरीतून तसाच नदीला सोडतात, आणि उशिरा पोचणाऱ्या भागासाठी वेगळी तजवीज करावी लागते.

पाटाच्या कंपनीशी, म्हणजे शेतकऱ्यांच्या सामाईक संस्थेशी, गोड राहा असाही एक सल्ला. पाटात पाणी कमी धावलं तरी तळाशी मुरणं जवळजवळ तेवढंच राहतं. तुम्ही तुमचं पाणी वरच्या वर नदीत वळवलंत तर ते मुरण्याचं ओझं शेपटाकडच्या शेतकऱ्यावर पडतं. चांगल्या संस्था त्यासाठी काही हिस्सा पाटातच ठेवून घेतात, आणि मला ते रास्त वाटतं.

प्रश्न : फोर्ट लप्टनजवळ आमच्या ओळखीचे एक गृहस्थ खाणीचं व्यवस्थापन बघतात. वीस एकरांचं तळं आहे. त्यांनी पुरेसं शेत बंद केलं, वर्षाची बेरीज जमते, तरी जानेवारीत त्यांना एका धरणातलं पाणी भाड्यानं घ्यावं लागलं. तळं तर तेव्हा गोठलेलं होतं! गोठलेल्या तळ्यातून पाणी उडतं का?

उत्तर : गोठलेल्या तळ्याचं जवळजवळ नाही. ज्या महिन्यांत बर्फाचं झाकण असतं त्या महिन्यांचं बाष्पीभवन शून्य धरण्याची मुभाही असते. त्यांनी जानेवारीत भरलं ते जानेवारीचं पाणी नव्हतं. उधारी जुनी होती.

वीस एकरांचा हिशेब मांडून दाखवते, आकडे उदाहरणापुरते. एकरी ३ फूट तूट धरली तर वर्षाचे ६० एकर-फूट. राज्याच्या तक्त्यानुसार साडेसहा हजार फुटांखालच्या भागात वर्षाच्या बाष्पीभवनाचे १५ टक्के जुलैत पडतात आणि जानेवारीत जेमतेम ३. म्हणजे जुलैत ९ एकर-फूट, जानेवारीत दोनाच्या आत. यात मालासोबत जाणारं पाणी मिळवा: धुतलेली खडी ओली बाहेर पडते, आणि तिच्या वजनाच्या ४ टक्के पाणी ट्रकमधून गेलं असं धरतात. वर्षाला तीन लाख टन माल असेल तर तेच सुमारे ९ एकर-फूट होतात. धूळ बसवायला मारलेलं पाणी वेगळं. झाले सत्तरच्या आसपास. वरच्या पत्रातल्या शेताचे ७० इथे बरोबर बसले, नाही का?

मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या पहिल्या अहवालात मी वर्षाची बेरीज वर्षाच्या बेरजेशी जुळवली आणि खूश होऊन पाठवून दिला. तपासणाऱ्या अभियंत्यानं तो एका ओळीच्या शेऱ्यासह परत केला: महिने कुठे आहेत?

खड्डा नदीपासून अर्ध्या मैलावर असेल तर जुलैत उडालेल्या पाण्याची तूट जुलैत नदीत दिसत नाही. ती वाळूतून सरकत सरकत येते. थोडी ऑगस्टात, बरीचशी हिवाळ्यात, आणि शेपूट पुढच्या वसंतापर्यंत. खड्डा नदीपासून किती लांब, वाळू-खडीचा थर किती रुंद, त्यातून पाणी किती सहज वाहतं, यावरून हा उशीर काढतात. त्यासाठी ग्लोव्हर आणि बाल्मर यांनी १९५४ साली मांडलेलं गणित अजूनही रोज वापरलं जातं. आता पाटाकडे बघा. पाट साधारण एप्रिलात सुरू होतो आणि ऑक्टोबरात बंद. म्हणजे भरपाईचं पाणी हातात येतं ते उन्हाळ्यात, आणि देणं मात्र बारा महिन्यांत पसरलेलं. हिवाळ्यात धरणं भरून घेणारे जुने हक्क नदीवर कॉल लावून बसलेले असतात. त्यांना उन्हाळ्यातल्या जास्तीचं सांगून उपयोग नाही. वर बंद केलेल्या शेताचं उशिरानं परतणारं पाणीही आहेच. तेसुद्धा थंडीतच पुरवायचं.

तुमच्या ओळखीच्यांनी धरणाचं पाणी घेतलं तो सरळ मार्ग, पण दरवर्षी दर वाढतो आणि दुष्काळात कुणी देत नाही. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. उन्हाळ्यात पाटाचं जास्तीचं पाणी नदीपासून दूर, मुद्दाम अस्तर न केलेल्या उथळ तळ्यात सोडायचं आणि मुरू द्यायचं. ते तीन-चार महिन्यांनी, नेमकं थंडीत, जमिनीखालून नदीला लागेल अशी जागा निवडायची. उशिरा येणाऱ्या तुटीला उशिरा येणारंच पाणी. मात्र तळ्याची जागा चुकली की सगळं फसतं. मी एका ठिकाणी नदीच्या फार जवळ तळं काढलं, आणि सप्टेंबरातच सगळं पाणी नदीत जाऊन बसलं. अशिलाला त्या वर्षीही धरणाचं पाणी घ्यावं लागलं, शिवाय तळ्याचा खर्च.

प्रश्न : ताई, मी मूळची शेतकऱ्याच्या घरातली. शेत ‘बंद करायचं’ म्हणजे नुसतं पाणी सोडायचं नाही, एवढंच ना? त्यात तपासायला काय असतं?

उत्तर : तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या, म्हणजे लसूणघास तुम्हाला ठाऊक आहे. त्याची मुळं दहा फूट आणि त्याहूनही खोल जातात. नदीकाठी भूजल तेवढ्यातच असतं. तुम्ही वरून पाणी तोडलंत तरी तो खालून पीत राहतो. मग शेत कागदावर बंद, आणि नदीचं पाणी दोनदा खर्च: एकदा खाणीत, एकदा घासात.

एका जुलैत मी तपासणीला गेले. मालकानं सही करून दिलं होतं की एप्रिलपासून थेंबही सोडलेला नाही, आणि तो खरं बोलत होता. चाऱ्या भेगाळलेल्या होत्या. तरी ओढ्याकडच्या उतारावर आठ-नऊ एकर घास गुडघाभर, फुलावर आलेला. मालक माझ्याआधीच तिथे उभा होता, मान खाली घालून. त्या तुकड्याचं पाणी हिशेबातून कापावं लागलं. लसूणघास असेल तर तो नांगरून किंवा औषध मारून मारावा लागतो. ठेवायचाच असेल तर भूजल किती खोल आहे ते विहिरीत मोजून त्याप्रमाणे वजावट घ्यावी लागते.

बरं, मारला तर मोकळी जमीन. इथला वारा तुम्ही अनुभवला असेल. पहिल्या वर्षी कोशिया नावाचं तण उगवतं, दुसऱ्या वर्षी ते काटेरी गोल झुडूप, जे थंडीत मुळापासून तुटून रस्त्यांवरून गडगडत जातं आणि शेजाऱ्याच्या कुंपणात अडकतं. कोरडवाहू गवत पेरायला हवं, पण ते जम धरायला तीन-चार वर्षं घेतं, आणि गंमत अशी की सुरुवातीला त्यालाच थोडं पाणी लागतं. हा खर्च करारात लिहिलेला नसेल तर तो शेवटी कुणीच करत नाही. शेतकऱ्याला शेअरचे पैसे चांगले मिळतात, त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही. वय झालेलं असतं, मुलं डेन्व्हरला असतात. पण खरेदीखतात गवताची ओळ घालून घ्या, एवढं मी प्रत्येकाला सांगत आले.

प्रश्न : खाण संपली, कंपनी गेली. तळं तर राहिलं. मग भरपाई कोण करतं?

उत्तर : हाच खरा प्रश्न, आणि तो बहुतेकांना शेवटच्या वर्षी सुचतो.

खाण चालू असते तेव्हा बहुतेकजण राज्याच्या मुख्य अभियंत्याकडून तात्पुरता आराखडा मंजूर करून घेतात आणि मुदत संपली की नवा करतात. शेतही वर्षाच्या बोलीनं बंद ठेवता येतं. मालक दरवर्षी प्रतिज्ञापत्र देतो. पण तळं उघडं आहे तोवर बाष्पीभवन चालू, म्हणजे देणं कायमचं. कायमच्या देण्याला वर्षाच्या बोलीचं पाणी चालत नाही. मग तीन वाटा उरतात. खड्डा भूजलाच्या वर येईल इतका भरून टाकायचा. किंवा ग्रीलीच्या जल न्यायालयातून कायमचा आराखडा मिळवायचा. त्यासाठी शेअर विकत घ्यावे लागतात आणि ‘ही जमीन पुन्हा या पाण्यानं भिजवणार नाही’ असा बोजा जमिनीच्या दस्तावर चढवावा लागतो. खाणीवर देखरेख करणारं राज्याचं खातं यातलं काही तरी पक्कं होईपर्यंत अनामत अडकवून ठेवतं, आणि ठेवावीच. पूर्वी तशी सक्ती नव्हती तेव्हाची अनाथ तळी मी पाहिली आहेत.

तिसरी वाट म्हणजे अस्तर. खड्ड्याभोवती खालच्या शेलच्या खडकापर्यंत बेंटोनाइट मातीची भिंत उतरवायची, आतलं पाणी उपसून टाकायचं, आणि ९० दिवस मोजून दाखवायचं की बाहेरचं पाणी ठरल्यापेक्षा जास्त आत झिरपत नाही. ते जमलं की तळं कायद्याच्या नजरेत विहीर राहत नाही, नुसतं भांडं होतं. मग त्याला गिऱ्हाईक असतं: डेन्व्हरच्या पाणीपुरवठ्यानं नदीकाठचे असे जुने खड्डे साठवणीसाठी घेतलेले आहेत. खडी विकून झाल्यावर खड्डाही विकला जातो. खाण सुरू करायच्या आधीच भिंत घातली तर खणताना पाणी कमी येतं आणि भरपाईचं देणंही जवळजवळ उभंच राहत नाही. अशिलांना मी हे पहिल्या बैठकीत सांगायची. भिंतीचा आकडा ऐकला की ते खुर्चीत मागे रेलायचे, आणि सातव्या-आठव्या वर्षी फोन करायचे.

ता. क. ग्रीलीच्या ज्या वाचकानं पहिला प्रश्न विचारला, त्यांनी पत्राच्या शेवटी लिहिलंय की मोरीतलं पाणी त्यांना स्वतः मोजून बघायचं आहे. पट्टी रस्त्यावरून दिसत असेल तर जरूर वाचा. कुंपण ओलांडू नका, इथे ते फार मनावर घेतात. पट्टी फुटात आणि फुटाच्या दशांशात असते, इंचात नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा वाचा, कारण पाटाचा माणूस दिवसातून केव्हाही दार फिरवतो. वहीत आठवडाभराचे आकडे आणि मोरीच्या गळ्याची रुंदी, अंदाजानं का होईना, लिहून पाठवा. प्रवाह किती होतो ते मी काढून देईन.